नळीने भरवल्या जाणाऱ्या मुलासाठी यूडीआयडी कार्ड आणि ‘निरामय’ विमा: काय मिळतं, काय राहून जातं

निकाल आधीच सांगून टाकतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढाच आणि ‘निरामय’ हा दिव्यांगांसाठीचा आरोग्यविमाही घ्याच. फक्त मुलाच्या नाकात किंवा पोटात नळी आहे एवढ्यावर यातलं काहीही मिळेल, असं समजून अर्ज करू नका. बहुतेक आईबाप नेमके इथेच ठेचाळतात. घरात दिवसरात्र त्या नळीभोवतीच सगळं फिरत असतं, आणि सरकारी कागदावर मात्र नळीला स्वतंत्र जागाच नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता, ऑटिझम, स्नायूंची झीज, बहुविकलांगता हे त्यात आहेत. ‘नळीने आहार’ असा प्रकार नाही. त्यामुळे मेडिकल बोर्ड, म्हणजे प्रमाणपत्रासाठी मुलाला तपासणारं डॉक्टरांचं मंडळ, दिव्यांगत्वाचे टक्के देतो ते मूळ आजाराने झालेल्या नुकसानीचे. सेरेब्रल पाल्सीमुळे गिळता न येणाऱ्या मुलाला मार्ग सरळ आहे. पण जन्मतः अन्ननलिका अपुरी असलेलं, बाकी वाढ वयाप्रमाणे असलेलं मूल दोन वर्षं पोटाच्या नळीवर असलं, तरी त्याला प्रमाणपत्र मिळणं अवघड असतं. अशा मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र आणि शस्त्रक्रियेसाठीच्या आरोग्य योजना हाच खरा रस्ता आहे. प्रमाणपत्राच्या मागे लागून महिने घालवण्यात अर्थ नाही. ही उणीव व्यवस्थेची आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी.

ज्यांच्याकडे २१ पैकी एखादं निदान आहे, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

प्रमाणपत्र आणि कार्ड, दोन्हींचा एकच अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. त्याला फी नाही. राहत्या जिल्ह्यातलं रुग्णालय निवडता येतं, किंवा मुलाचे उपचार जिथे चालू आहेत ते अधिकृत रुग्णालयही. नळीवरच्या मुलासाठी दुसरा पर्याय शक्य असेल तर तोच घ्यावा, कारण तिथे केस पेपर आधीपासून असतो आणि गिळण्याची तपासणी कोणी केली हे शोधत बसावं लागत नाही. मोबाइल नंबर असा द्या की जो वर्षानुवर्षं चालू राहील. स्टेटस, नूतनीकरण, कार्ड डाउनलोड, सगळं त्यावर येणाऱ्या ओटीपीवर चालतं. जन्मदाखला, आधार आणि डिस्चार्ज कार्ड या तिन्हींवर मुलाचं नाव एकाच स्पेलिंगने आहे ना, हे अर्जाआधी बघा. नवजात असताना काढलेल्या केस पेपरवर पुष्कळदा ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव असतं. तेव्हा हेच ते मूल, असं रुग्णालयाकडून लिहून घ्यावं लागतं.

फोटोचं एक. नाकातली नळी फोटोत दिसू नये म्हणून ती उपसू नका. ती परत घालताना मुलाला त्रास होतो आणि जागा चुकण्याचा धोका दर वेळी असतोच. नळी बदलायचा दिवस ठरलेला असतो. जुनी काढली आणि नवी घालायची आहे, त्या मधल्या पाच मिनिटांत फोटो काढून ठेवा. तोच या अर्जाला, अंगणवाडीला, फोटो मागतील तिथे वापरता येतो.

वयाचा नियमही माहीत हवा. बौद्धिक वाढीच्या आधारावरचं प्रमाणपत्र एक वर्ष पूर्ण होण्याआधी मिळत नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलांना ‘सर्वांगीण विकासात विलंब’ असं निदान दिलं जातं आणि प्रमाणपत्र तात्पुरतं असतं. पुढे पाच, दहा आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. ‘तात्पुरतं’ हा शब्द वाचून काहीजण ते वापरतच नाहीत. मुदत संपेपर्यंत ते पूर्णपणे वैध असतं.

आता कागदांकडे. यशापयशाचा मोठा भाग इथेच ठरतो.

डिस्चार्ज कार्डावर सहसा तीनच शब्द असतात: ‘ऑन आरटी फीड्स’. म्हणजे राइल्स ट्यूबने, नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने, भरवणं चालू. बोर्डावरच्या डॉक्टरला यातून काहीच कळत नाही. नळी चार दिवसांपुरती आहे की चार वर्षांची, मूल तोंडाने थोडं खातं की एक थेंबही नाही, आणि का नाही? म्हणून अर्जाआधी बालमेंदूविकार तज्ज्ञ किंवा बालपोटविकार तज्ज्ञांकडून वेगळं पत्र घ्या आणि त्यात काय हवं ते त्यांना नम्रपणे, पण नेमकं सांगा. पत्राचा मजकूर साधारण असा असावा: ‘वय २ वर्षं ४ महिने, वजन १० किलो. सेरेब्रल पाल्सी. व्हिडिओफ्लुरोस्कोपीत पातळ आणि घट्ट दोन्ही पदार्थ श्वासनलिकेत जाताना दिसले, त्यामुळे तोंडाने आहार सुरक्षित नाही. पोटात १४ फ्रेंचचं बलून बटण. दिवसातून ६ वेळा १५० मिली फीड, प्रत्येकाआधी आणि नंतर १० मिली पाणी. सर्व औषधं नळीतूनच. भरवण्यासाठी प्रशिक्षित व्यक्ती सतत सोबत हवी. हा आधार किमान काही वर्षं लागेल.’ (व्हिडिओफ्लुरोस्कोपी म्हणजे गिळताना काढलेला चालता एक्स-रे. बलून बटण म्हणजे पोटावरच्या छिद्रात बसवलेली, आतून पाण्याच्या फुग्याने धरून राहणारी आखूड नळी, आणि फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप.) एवढ्या ओळींत निदान, कारण, पुरावा, प्रमाण आणि कालावधी सगळं येतं. नुसतं ‘फीडिंग डिफिकल्टी’ लिहिलेलं पत्र आणू नका. खायला कुरकुर करणाऱ्या मुलालाही तेच लिहून देतात.

सोबत वजनाचा तक्ता लावा. नळीआधीची आणि नळीनंतरची वजनं तारखांसह एका कागदावर आली की तो कागद स्वतःच बोलतो. न्यूमोनियासाठी ॲडमिट केल्याच्या तारखा, गिळण्याच्या तपासणीचा अहवाल आणि स्पीच थेरपिस्टचा शेरा हेही जोडा.

आणि नोंदवही. सात दिवसांची पुरे, पण खरी हवी. एका फीडला किती वेळ जातो ते लिहून पाहा: फीड तयार करून कोमट करणं १० मिनिटं, नळीची जागा तपासणं ५, भरवणं २५, नळीत पाणी सोडून ती साफ करणं (फ्लश) आणि सिरिंज धुणं १०, आणि मुलाला उभट धरून बसणं ३०. झाली ८० मिनिटं. दिवसाला सहा फीड म्हणजे आठ तास. कामावर जाणाऱ्या माणसाची पूर्ण पाळी होते ही, आणि यात औषधं, उलटी झाल्यावर पुन्हा करणं, रात्री चिकटपट्टी सुटली म्हणून उठणं धरलेलं नाही. हा आकडा टक्के वाढवत नाही, हे आधीच समजून घ्या. त्याची जागा वेगळी आहे: कायद्याच्या कलम ३८ मध्ये ‘उच्च आधाराची गरज’ असलेल्या व्यक्तीला स्वतंत्र अर्ज करता येतो. किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाच्या वतीने आईबाप तो करू शकतात, आणि तिथे रोजच्या देखभालीचाच विचार व्हायचा असतो. हे कलम फार थोड्यांना ठाऊक आहे. नळीवरच्या मुलासाठी कायद्यातलं सर्वांत उपयोगाचं कलम मला हेच वाटतं.

बोर्डाच्या दिवसाची तयारी वेगळी करावी लागते, कारण नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही आणि फीडची वेळ चुकवता येत नाही. पिशवीत किमान एवढं हवं: दोन ५० किंवा ६० मिलीच्या सिरिंज, एक १० मिलीची, उकळून गार केलेलं पाणी, चिकटपट्टी, आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या, त्याच मापाची एक जादा नळी, दोन टॉवेल आणि कपड्यांचा जोड. पावडरचं फीड नेत असाल तर पावडर कोरडी मोजून न्या आणि तिथेच कालवा. घरचं वाटलेलं जेवण साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये, त्यामुळे ते बर्फाच्या पिशवीतून न्यावं लागतं. बाहेरच्या दिवसापुरतं पावडरचं फीड परवडतं, फक्त ते मुलाला आधी कधीतरी देऊन झालेलं असावं. नवा पदार्थ बोर्डाच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नये.

तपासणीत डॉक्टर मुलाला आडवं करतात, पाय वाकवून बघतात. फीडनंतर लगेच असं झालं तर उलटी होणारच, आणि उलटी छातीत गेली तर त्याची किंमत मोठी असते. फीड होऊन तासभर झालेला नसेल तर तसं स्पष्ट सांगा: ‘डॉक्टर, आत्ताच फीड झालंय, आडवं करता येणार नाही, बसवूनच बघा.’ कोणताही डॉक्टर हे ऐकतो. उलट, फीडची वेळ बोर्डासमोरच आली तर ती टाळू नका. सिरिंजचा दट्ट्या काढून नळीला जोडायचं आणि पोटापासून वीतभर उंच धरून फीड आपल्या वजनाने खाली उतरू द्यायचं. हे समोर पाहिलं की पत्रातली ओळ न् ओळ डॉक्टरला पटते.

नाकातली नळी असेल तर बाहेर भरवण्याआधी जागा तपासायचीच, गर्दी कितीही असो. नळी नाकापाशी जिथे खुणेने बांधली आहे ती खूण तिथेच आहे ना ते बघा. मग सिरिंजने अगदी थोडं ओढा. आलेल्या रसाचा एक थेंब पीएच पट्टीवर टाका. ५.५ किंवा त्याखाली रंग आला तर नळी पोटात आहे. हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जुनी पद्धत विश्वासाची नाही. नळी फुप्फुसात असली तरी आवाज येऊ शकतो. ॲसिडिटीचं औषध चालू असेल किंवा नुकतंच फीड झालं असेल तर पट्टी जास्त आकडा दाखवते. अशा वेळी थोडं थांबून पुन्हा बघायचं, आणि शंका राहिलीच तर फीड द्यायचं नाही. रुग्णालयातच आहात, तिथे एक्स-रे आहे.

पोटाचं बटण असेल तर प्रवासाच्या आदल्या दिवशी फुग्यातलं पाणी तपासून घ्या. साध्या सिरिंजने ते पूर्ण ओढायचं, बटण बोटाने धरून ठेवून, आणि त्या बटणाच्या माहितीपत्रकात दिलं असेल तेवढंच पुन्हा भरायचं. डिस्टिल्ड किंवा निर्जंतुक पाणी वापरायचं. सलाइन नको, त्याचे स्फटिक झडपेत अडकतात. आणि हवा तर निसटूनच जाते. बटण बाहेर आलं तर छिद्र काही तासांत आकसू लागतं, म्हणून जादा बटण किंवा एक मापाने लहान फोलीज कॅथेटर (टोकाला फुगा असलेली मऊ नळी) पिशवीत ठेवावा. शस्त्रक्रियेला दोन महिनेही झाले नसतील तर मात्र स्वतः घालू नका. वाट पक्की झालेली नसते आणि नळी जठराऐवजी त्याबाहेरच्या पोटाच्या पोकळीत जाऊ शकते.

नळी तुंबली तर कोमट पाणी, मोठी सिरिंज आणि हळू पुढेमागे, घाई नको. छोटी सिरिंज जोराने दाबली की दाब फार वाढतो आणि नळी फाटते. नळी तुंबते ती बहुधा औषधांमुळे. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून दिल्या की त्याचा चिखल होतो. एकेक औषध वेगळं द्या, मध्ये पाणी सोडा, आणि शक्य तिथे डॉक्टरांना विचारून पातळ औषध लिहून घ्या.

प्रमाणपत्र हातात आलं की आधी त्यावरचा प्रकार वाचा, टक्के नंतर. पोर्टलच्या यादीत सेरेब्रल पाल्सी हा स्वतंत्र प्रकार आहे. कागदावर नुसतं ‘चलनवलन दिव्यांगत्व’ आलं आणि सेरेब्रल पाल्सीचा उल्लेख नसला तर पुढे ‘निरामय’ला अडचण येते. एकाहून जास्त दिव्यांगत्व असेल तर टक्क्यांची थेट बेरीज होत नाही. ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचं, आणि मोठ्या आकड्यात तेवढीच भर पडते. म्हणजे ५० आणि ३० असतील तर ८० नव्हे, ६३ च्या आसपास. हे माहीत असलं की कमी टक्के दिले असा गैरसमज होत नाही, आणि खरोखर चूक असेल तर ती दाखवताही येते. निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. अपिलात नवा पुरावा जोडलेला बरा. नव्या तारखेचा गिळण्याचा अहवाल हा सर्वांत भक्कम.

कार्डाचे प्रत्यक्ष फायदे कोणते? जुन्या करप्रणालीत आईवडिलांना ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपये आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपये ठोक वजावट मिळते, खर्च किती झाला याचा हिशेब न देता. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ८०डीडी. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम आणि बहुविकलांगतेसाठी फॉर्म १०-आयए लागत आला आहे, तो बालमेंदूविकार तज्ज्ञ किंवा सिव्हिल सर्जनकडून घ्यायचा. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही. मूल लहान असताना नोकरीच्या ठिकाणी विचार न करता नवी प्रणाली निवडली जाते. आधी दोन्ही गणितं मांडून पाहा.

‘निरामय’ ही केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची योजना. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि मुख्य म्हणजे आधीपासून असलेला आजार वगळत नाहीत. खासगी विमा जिथे नळी पाहूनच दार लावतो, तिथे ही योजना उघडी आहे. यासाठी मी तिला मनापासून चांगली म्हणतो. ओपीडी आणि नियमित थेरपीचा खर्चही यात बसतो, जो साध्या आरोग्यविम्यात क्वचित बसतो. गिळण्यासाठीची स्पीच थेरपी आणि फिजिओथेरपी दर महिन्याला चालू असते, त्यामुळे पैसे परत मिळण्याचा सर्वांत नियमित मार्ग हाच.

उणिवाही सांगायला हव्यात. एक लाख हा आकडा वरवरचा आहे; आत खर्चाच्या प्रत्येक शीर्षाला (थेरपी, ओपीडी, भरती) स्वतंत्र मर्यादा आहे आणि थेरपीची संपली म्हणून भरतीची वापरता येत नाही. नळ्या, सिरिंज, फीडिंग बॅग यांसाठी वेगळं शीर्षच नाही, आणि घरी महिन्याचा सततचा खर्च नेमका तोच असतो. पैसे आधी भरायचे आणि मग परत मागायचे, तेही मूळ बिलं जोडून. मूळ बिल एकदा गेलं की परत येत नाही, म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढा. बिलावर मुलाचं पूर्ण नाव आणि तारीख हवी, आणि त्याच तारखेच्या आसपासचं प्रिस्क्रिप्शन. थेरपिस्टच्या बिलावर नोंदणी क्रमांक आणि प्रत्येक सत्राची तारीख लिहून घ्या. ‘महिन्याची फी’ असं एका ओळीत लिहिलेलं बिल परत येतं. दावे साठवून वर्षअखेरीला पाठवू नका, महिन्याच्या महिन्याला पाठवा.

विम्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं धरलं जातं. फेब्रुवारीत नाव नोंदवलं तर पहिलं संरक्षण दीडदोन महिन्यांचंच हाती येतं. त्यामुळे नूतनीकरण मार्च उजाडण्याआधीच उरकावं, आणि त्या दिवशी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मुदतीत असायला हवं. नियमाप्रमाणे प्रमाणपत्राला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. मुलाचा पाचवा वाढदिवस हिवाळ्यात येत असेल तर पुनर्तपासणीचा अर्ज गणपतीच्या सुमारासच टाकून ठेवा.